न झालेल्यांची शांती

निवडणूक हरलेला माणूस एक तर बाटलीकडे वळतो, नाही तर देवाकडे. पुंडलिकरावांना पित्ताचा त्रास होता, म्हणून ते देवाकडे वळले. गावच्या सोसायटीचं अध्यक्षपद गेलं आणि वर्षाच्या आत सत्संग मंडळाचं अध्यक्षपद आलं, तेव्हाच विमलताईंनी ओळखलं होतं, की आपल्या नवऱ्याला खुर्ची लागते. ती कशाची आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण त्या खुर्चीवर बसून तो एक दिवस सुनेच्या पोटाचा न्यायनिवाडा करील, एवढी त्यांचीही कल्पना धावली नव्हती.

पितृपक्षातला रविवार होता. बाभुळगावच्या त्यांच्या घरात सोफे भिंतीला सरकवून हॉलच्या मधोमध चौरंग मांडला होता. यवतमाळहून शास्त्रीबुवा यायचे होते. वणीहून लेक ज्योत्स्ना आणि जवाई देवानंद येऊन पोचले होते. आणि हा सारा घाट कोणासाठी, तर जी लेकरं कधी झालीच नाहीत त्यांच्या शांतीसाठी. सून निकिता पाळणा लांबवायची गोळी घेत होती. त्या गोळीनं महिन्याच्या महिन्याला पोटात एक जीव मरत होता. ते जीव अतृप्त फिरत होते, असं पुंडलिकरावांनी जाहीर केलं होतं. विमलताई वड्यांचं पीठ कालवत होत्या. ज्यांना तोंडच आलं नाही त्यांना वडे कशाला लागतात, हे त्यांनी नवऱ्याला सकाळीच विचारून घेतलं होतं. पीठ मात्र कालवावं लागत होतं, कारण खाणारे जिवंत होते.

याला सुरुवात केली देवानंदनं. देवानंद कोळसा खाणीच्या ऑफिसात कारकून होता आणि खाणीतून निघेल त्यापेक्षा जास्त माल रोज मोबाईलमधून काढत असे. महिनाभरापूर्वी त्यानं घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. पांढरा कोट घातलेला एक माणूस फळ्यावर गर्भाशयाचं चित्र काढून सांगत होता, की या गोळीनं आतलं अस्तर पातळ होतं, रुजायला आलेल्या जिवाला धरायला जागा मिळत नाही आणि तो गळून पडतो. 'याला हत्या नाही तर काय म्हणायचं?' असं म्हणून त्यानं खडू खाली ठेवला होता. देवानंदनं त्याखाली लिहिलं, 'विचार करा.'

विचार कोणी केला नाही, पण रजतनं उत्तर दिलं. रजत म्हणजे विमलताईंचा मुलगा, बाजारात कृषी केंद्र चालवायचा. पोरगा मनानं सरळ, पण अक्कल वडिलोपार्जित. त्यानं सगळ्या नातेवाईकांसमोर लिहिलं, 'हे खरं आहे का? निकिता हीच घेते.'

झालं. दुसऱ्या दिवसापासून पुंडलिकराव सुनेच्या हातचा चहा घेईनात. बोलले मात्र काही नाहीत. थोर माणसं आधी चहा सोडतात, मग तोंड उघडतात.

निकिता पांढरकवड्याची, बीएस्सी झालेली, कमी बोलणारी. गेल्या वर्षी आठव्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर चढलं, झटके आले. यवतमाळच्या दवाखान्यात मुलगी झाली आणि संध्याकाळपर्यंतच राहिली. निकिता कशीबशी वाचली. तिला वाचवणाऱ्या डॉक्टर जेबा मॅडमनी रजतला समोर बसवून सांगितलं होतं, की निदान तीन वर्षं दुसरं नको. घाई केली तर बाईच हाताची जाईल. गोळी तेव्हापासूनची. रात्रीची जेवणं झाली की निकिता माठाजवळ उभी राहून ती घ्यायची, पेला विसळून उपडा ठेवायची. व्हिडिओनंतर आठवडाभरात विमलताईंच्या लक्षात आलं, की पेला जागचा हलत नाही.

त्यांनी तिला मागच्या अंगणात गाठलं. निकिता कपडे वाळत घालत होती.

"गोळी बंद केली काय व?"

निकितानं ओल्या चादरीचं टोक पिळलं. पाणी केव्हाच निघून गेलं होतं, तरी ती पिळत राहिली.

"आई, एक तर हातातून गेली," ती म्हणाली. "तिले मी काही करू शकली नाही. आता मीच आणखी मारून राह्यली असन तर?"

"कोण सांगते? तो खडूवाला?"

"तो कोणी का असंना. खरं असलं तर?"

विमलताईंच्या तोंडाशी चांगली तिखट शिवी आली होती, ती त्यांनी गिळली. खडूवाल्याची टिंगल करणं सोपं होतं. पण पोरीचा प्रश्न टिंगलीचा नव्हता. तिला निकाल नको होता, खरं काय ते हवं होतं. या घरात तसं मागणारी ती पहिलीच.

"चाल मग," त्या म्हणाल्या. "ज्याचं त्याले विचारू."

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीनं यवतमाळला गेल्या. जेबा मॅडमनी आधी तपासलं. दिवस गेलेले नव्हते. मग त्यांनी निकिताचं म्हणणं ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत, हे विमलताईंना फार आवडलं.

"तुझं ब्लडप्रेशर बघून तुला एकाच हार्मोनची गोळी दिलेली आहे," त्या म्हणाल्या. "तिचं मुख्य काम म्हणजे बहुतेक महिन्यांत बीजच बाहेर पडू देत नाही. बीज नाही तर गर्भ कसला? एखाद्या महिन्यात बीज सुटलंच, तर पिशवीच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव घट्ट होतो. पुरुषाचं बीज आत पोचतच नाही."

"म्हणजे आमच्या रजतच्या दुकानातले कामगंध सापळे," विमलताई म्हणाल्या. "बोंडअळीच्या पतंगाची गाठच पडू द्यायची नाही. अंड्यावर फवारा मारायचा प्रश्नच येत नाही."

"साधारण तसंच."

"आणि अस्तर?" निकितानं विचारलं. "ते पातळ होते की नाही?"

"होतं," मॅडम म्हणाल्या. "ते खोटं नाही. पण त्यामुळे रुजायला आलेला गर्भ पडतो, असं कोणाला दाखवता आलेलं नाही. कधीच घडत नसेल, अशी शपथ मी घेणार नाही. मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते. शिवाय गोळी न घेणाऱ्या बायकांच्या पोटीसुद्धा कितीतरी गर्भ रुजायच्या आधीच जातात. बाईला कळतसुद्धा नाही."

"मग त्याची केस देवावर टाका," विमलताई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत निकिता खिडकीबाहेरच्या कपाशीच्या पऱ्हाटीकडे बघत बसली. गाव जवळ आलं तशी म्हणाली, "थोडी शंका उरलीच, आई."

"उरू दे. शंका काही चावत नाही."

"चावते," निकिता म्हणाली.

त्याच आठवड्यात पुंडलिकरावांनी शांतीचा मुहूर्त काढून आणला.

आता ते सोवळं नेसून पाटावर बसले होते. शास्त्रीबुवा आले, दुपारी त्यांना राळेगावला दुसरं काम होतं, तेव्हा त्यांनी पाणीसुद्धा उभ्यानंच घेतलं. देवानंद सासऱ्याच्या उजव्या हाताला बसला. रजत दाराला टेकून उभा होता, कोणत्याही क्षणी दुकानातून बोलावणं यावं अशा आशेनं. ज्योत्स्ना आणि निकिता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी होत्या. सकाळपासून ज्योत्स्ना नवऱ्याच्या बाजूची होती. आल्या आल्या तिनं निकिताला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाबाचं मन राखून घे. एक दिवसाचं तर काम आहे." निकितानं मान हलवली होती, ती हो होती की नाही, ते कोणाला कळलं नव्हतं.

"विमल, चाल, बस बाजूले," पुंडलिकराव म्हणाले. "जोडप्यानं बसावं लागते."

"माह्या गुडघ्यात वात आहे," विमलताई म्हणाल्या. "न झालेल्या नातवंडांसाठी तो वाकत नाही."

शास्त्रीबुवांनी घड्याळाकडे पाहिलं. "चालेल, त्यांच्या जागी दर्भ ठेवू. आता संकल्प सोडायचा. किती जीव म्हणायचे?"

"म्हणजे?" पुंडलिकराव म्हणाले.

"कोणाच्या उद्देशानं शांती, ते सांगावं लागतं ना. नाव नसलं तर नसो. निदान किती ते पाहिजे."

पुंडलिकरावांनी जवायाकडे पाहिलं. देवानंदनं मोबाईल काढला आणि कॅल्क्युलेटर उघडला.

"गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून धरू," तो पुटपुटला. "हा शेवटचा महिना बंद होती, तो वजा. बरोबर ना निकिता?"

देवानंदचा अंगठा आकड्यांवर फिरत होता. विमलताई त्या अंगठ्याकडे पाहत होत्या. खाणीतल्या मजुरांची हजेरी लावताना तो असाच फिरत असेल, असं त्यांना वाटलं.

"थांबा जवाईबापू," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "गुणाकार करण्याच्या आधी एक सांगा. त्या तुमच्या फळ्यावाल्यानं किती पाहिले गळून पडताना? एक तरी?"

"आई, हे विज्ञान आहे. अस्तर पातळ होते, हे डॉक्टरसुद्धा मान्य करतात."

"करतात ना. आम्ही जाऊन विचारून आलो. त्याच्या आधीच्या दोन गोष्टी तुमच्या व्हिडिओत काहून नव्हत्या? बीजच सुटत नाही, ते काहून नाही सांगितलं त्यानं? फळ्यावर जागा नव्हती?"

"मले तेवढं खोलात..."

"खोलात नाही गेले. अन् मोजाले बसले."

"विमल," पुंडलिकराव म्हणाले, "चार लोकांसमोर जवायाचा पाणउतारा करू नको. जिवाचा प्रश्न आहे. शंभरात एक जीव जरी जात असला, तरी पाप ते पाप."

"तुम्हाले जिवाची एवढी माया कधीपासून आली?" विमलताई त्यांच्याकडे वळल्या. "गेल्या साली याच घरची नात एक दिवस जगली. गुणाकार न करता मोजता येत होती ती. एकच होती. तेव्हा कुठी होते तुम्ही?"

"उमरखेडले सप्ताह होता. मी अध्यक्ष..."

"सप्ताह होता. मी फोन केला. तुम्ही म्हणाले, लहान जिवाचं सुतक नसते, मी समाप्ती करूनच येतो. समाप्ती करून आले. महाप्रसादाचा डबा घेऊन आले. सून बेशुद्ध होती, तुम्ही आम्हाले बुंदी दिली. ती पोरगी कशी दिसत होती, हे आजवर एका शब्दानं नाही विचारलं. अन् आता जे पोटात आलंच नाही, त्याच्यासाठी सोवळं नेसून बसले."

पुंडलिकरावांच्या मानेवर लाली चढली. सोसायटीच्या सभेत कोणी हिशेब विचारला की ती अशीच चढायची, आणि मग ते तत्त्वावर यायचे.

"ते वेगळं," ते म्हणाले. "ती देवाची करणी होती. हे माणसाचं कर्म आहे. दोन्हीत फरक आहे."

"फरक आहे," विमलताई म्हणाल्या. "त्या वेळी तुम्हाले उठून यावं लागत होतं. इथं नुसतं बसावं लागते."

देवानंद सासऱ्याच्या मदतीला धावला. "आई, तुमचं दुःख मी समजतो. पण सवाल नियमाचा आहे. आमच्या घरी पाहा. दोन लेकरं झाली, आम्ही थांबलो. गोळी नाही, काही नाही. संयम असला की..."

"थांबा," ज्योत्स्ना म्हणाली.

ती उंबऱ्यावरून पुढं आली होती. हाताला वड्यांचं पीठ लागलेलं होतं, ते तिनं पदराला पुसलं. विमलताईंनी लेकीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा त्यांना एकदम अनोळखी वाटला.

"संयम नका म्हणू," ज्योत्स्ना नवऱ्याला म्हणाली. "मी इंजेक्शन घेऊन राह्यली. सरकारी दवाखान्यात दर तीन महिन्यांनी एक. धाकटा झाल्यापासून."

देवानंद तिच्याकडे पाहत राहिला. "कशाचं इंजेक्शन?"

"याच्यातलंच. हिच्या गोळीत जे आहे त्याचाच भाऊबंद."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कधी?" ज्योत्स्ना म्हणाली. "तुम्ही म्हणाले, दोन बस झाली. अन् कूस बदलून झोपून गेले. बस कसं होते, हे एका दिवशी तरी विचारलं? तुम्हाले वाटलं, तुम्ही म्हणाले म्हणून झालं?"

दाराशी रजतला ठसका लागला. तो हसू दाबत होता, हे सगळ्यांना कळलं. देवानंदला सगळ्यात जास्त.

शास्त्रीबुवा आतापर्यंत समोरच्या तांब्याकडे बघत बसले होते. त्यांनी घसा साफ केला. "मग आता," त्यांनी अगदी कामाच्या आवाजात पुंडलिकरावांना विचारलं, "दोन्ही घरांचा एकत्र संकल्प करायचा, की वेगळा?"

देवानंदनं मोबाईलचा पडदा विझवला आणि तो मांडीवर पालथा ठेवला. जे यंत्र एवढा वेळ सगळ्यांची पापं मोजत होतं, त्याला आता स्वतःच्या घरचे आकडे नको होते. ज्योत्स्ना भिंतीला टेकली. वणीला परतल्यावर काय वाढून ठेवलंय, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. विमलताई तिच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दोन-चार दिवस इथंच राह्य. लेकरांची शाळा काही पळून नाही जात."

मग निकिता बोलली. या घरात आल्यापासून ती हॉलच्या मधोमध उभी राहून कधी बोलली नव्हती.

"मामाजी, मी गोळी कालपासून परत सुरू केली."

पुंडलिकरावांनी मान वर केली.

"डॉक्टरनं सांगितलं ते मी समजून घेतलं. तिच्यानं जीव मरत नाही, असं मले आता वाटते. शंभर टक्के म्हणाल तर तेवढं कोणालेच माहीत नाही. जी थोडी शंका उरली, ती माही आहे. ती मी वागवीन. रात्री झोप मले लागत नाही, तुम्हाले लागते. म्हणून तिची शांती तुमच्या हातून नाही होणार."

"पोरी, मी तुह्या भल्यासाठीच..."

"डॉक्टरनं तीन वर्षं थांबा म्हटलं, ते कोणाच्या भल्यासाठी होतं?" निकिता म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात, आणि त्यामुळेच ते पुंडलिकरावांना परतवता येईना. ती शास्त्रीबुवांकडे वळली. "महाराज, जी जन्माले आली होती, तिच्यासाठी काही करता येते काय?"

शास्त्रीबुवांनी या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही. "एवढ्या लहानासाठी शास्त्रात फारसं सांगितलेलं नाही, बाई," ते म्हणाले. "पण तुम्हाला करायचं असेल तर मी बसतो. थोडं दूध, थोडं पाणी. तिचं नाव घ्यायचं. नाव ठेवलं होतं?"

निकितानं रजतकडे पाहिलं. रजत दार सोडून पुढं आला. त्याच्या तोंडावरचं हसू केव्हाच गेलं होतं.

"ठेवलं होतं," तो म्हणाला. "आमच्या आमच्यात. अन्वी."

विमलताईंनी ते नाव पहिल्यांदाच ऐकलं. पोरीला दुपट्यात गुंडाळून त्यांनी हातात धरलं होतं, कपाळावर बारीक केस होते, ते बोटानं सारखे केले होते. आणि तिला नाव होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. दोघांनी ते वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगावं असं घर आपण त्यांना दिलं नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि इतका वेळ नवऱ्यावर रोखलेली नजर त्यांनी खाली घेतली.

"जोडप्यानं बसावं लागते ना?" रजतनं विचारलं.

"हो," शास्त्रीबुवा म्हणाले. "आई-बापानं."

पुंडलिकराव पाटावर बसलेलेच होते. मग ते जमिनीवर हात टेकून उठले. सोवळं सावरत ते बाजूला झाले आणि त्या जागी रजत बसला. दर्भाच्या जागी निकिता. उभ्या हॉलमध्ये पुंडलिकरावांना थांबायला जागा अशी राहिली नाही. ना ते यजमान होते, ना पाहुणे. कुठल्याही सभेत इतकं रिकामं त्यांना कधी उभं राहावं लागलं नव्हतं.

"उभे कायले?" विमलताई म्हणाल्या. "दूध आणा."

ते स्वयंपाकघरात गेले. भांड्यांवरची झाकणं एकेक करून वाजली. एक पातेलं, दुसरं पातेलं, मग डब्यांचा आवाज. बाहेर शास्त्रीबुवा हातात पळी घेऊन थांबले होते. ज्योत्स्ना आत जायला निघाली, तिला विमलताईंनी मनगट धरून मागं ओढलं.

"विमल," आतून दबक्या आवाजात हाक आली, "दूध कुठी ठेवतेस व?"

चाळीस वर्षं त्या घरात रोज सकाळी दुधाचा चहा प्यालेल्या माणसानं ते विचारलं होतं. विमलताईंनी सांगितलं नाही. त्या पाटामागे भिंतीला टेकून बसल्या. गुडघ्यात वात असूनही बसल्या.

"शोधू द्या त्यायले," त्या शास्त्रीबुवांना म्हणाल्या. "आम्हाले घाई नाही."